भिंतीमागचा निर्वेद

भरताच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायी भाव मानला आहे, आणि ज्या तेहतीस व्यभिचारी भावांची, म्हणजे मनात येऊन-जाऊन राहणाऱ्या अस्थिर भावांची, यादी त्या ग्रंथात दिली आहे तिच्या अगदी आरंभी निर्वेद बसलेला आहे. निर्वेद म्हणजे ज्यात आजवर मन रमले त्याच गोष्टीचा आलेला वीट; त्याच्या पाठोपाठ ग्लानी येते, आणि पुढे श्रम व निद्रा यांचीही नोंद आहे. महाराष्ट्रातल्या वराती, हळदीच्या रात्री आणि उत्सवांच्या मिरवणुका यांसाठी गाडीवर आवाजाची सामग्री लादून गावोगाव फिरणारा जो डीजे, त्याच्या मनःस्थितीचे वर्णन करायला ही जुनी परिभाषा अनपेक्षितपणे उपयोगी पडते. कारण इतरांच्या ठिकाणी उत्साह उत्पन्न करून देणे हेच ज्याचे काम, त्याच्या स्वतःच्या ठिकाणी दहा-बारा हंगामांनंतर निर्वेद येतो, आणि तो व्यभिचारी न राहता स्थायी होऊ लागतो.

‘डीजे’ ही ‘डिस्क जॉकी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे आहेत. तबकडी म्हणजे घोडा आणि ती फिरवणारा म्हणजे स्वार, अशी त्यामागची प्रतिमा. मराठीत मात्र हे नाव स्वाराला सोडून घोड्याला चिकटले. ‘डीजे आला’ असे मांडवात कुणी म्हणाले, तर माणूस आला असे कोणीच समजत नाही. स्पीकरचे खोके, अ‍ॅम्प्लिफायर, जनरेटर आणि दिवे यांनी भरलेली गाडी आली, असाच अर्थ सगळे घेतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत त्याच गाडीला ‘डॉल्बी’ म्हणतात, आणि या शब्दाची तर काळाने थट्टाच केली आहे. कारण रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये जी कंपनी काढली, तिचे पहिले नाव झाले ते ध्वनिफितीतील खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव कृष्णा-पंचगंगेच्या काठी सर्वांत मोठ्या गोंगाटाला मिळावे, यात भाषेचा दोष नाही, पण धंद्याचे भविष्य मात्र त्यात दिसते: गाडीला नाव मिळाले, आणि तिच्या मागे उभा असलेला, ज्याला फार तर ‘ऑपरेटर’ म्हणतात, तो निनावी राहिला.

या निनावी माणसाची मूळची विद्या ऐकण्याची आहे. एका कानावर हेडफोन लावून तो पुढचे गाणे गुपचूप ऐकतो आणि दुसरा कान समोरच्या घोळक्याकडे मोकळा ठेवतो; चालू गाण्याचे दर मिनिटाचे ठोके, ज्यांना धंद्यात बीपीएम म्हणतात, आणि येणाऱ्या गाण्याचे ठोके यांची गती जुळवून, नाचणाऱ्याचे पाऊल जमिनीवर टेकण्याआधी एक गाणे दुसऱ्यात विरघळवतो. गती जुळवण्याचे काम आता लॅपटॉपमधली प्रणाली एका कळीवर करून देते, त्यामुळे तेवढ्यावर कुणाचा अभिमान टिकत नाही. पण पुढचे गाणे कोणते, हा प्रश्न कोणतेही यंत्र सोडवत नाही. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून पायाचा अंगठा हलवणारी आत्या कोणत्या गाण्याला उठेल, नवरदेवाचा मामा रिंगणात ओढला गेला की त्याच्या तरुणपणातले कोणते गाणे लागले पाहिजे, ठाणे-रायगडाकडच्या हळदीत जुने कोळीगीत कधी लावायचे म्हणजे चुलीपाशी असलेल्या बायकाही हात पुसत बाहेर येतील, हे ज्याला कळते तो डीजे. ब्रास बँडच्या क्लॅरिनेटवाल्याला आणि बेंजो पार्टीच्या म्होरक्याला हे कळत असे. संबळ आणि हलगी वाजवणाऱ्यांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या कळत आले आहे. ऐकणे हा या साऱ्या वादकांचा सामाईक वारसा आहे, आणि पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरणारा पोरगाही, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच घराण्यातला आहे.

त्या विद्येची किंमत गेली ती आवाजाच्या चढाओढीत, आणि ही चढाओढ भौतिकशास्त्राच्या एका नियमामुळे न जिंकता येणारी आहे. आवाजाची पातळी डेसिबल या मापाने मोजतात आणि हे माप सरळ चढत नाही: अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर पातळी अवघी ३ डेसिबलने वाढते, आणि हा फरक कानाला जेमतेम जाणवतो; ऐकणाऱ्याला आवाज ‘दुप्पट’ वाटायचा तर पातळी सुमारे १० डेसिबलने वाढावी लागते, म्हणजे शक्ती दहापट हवी. शेजारच्या गावातल्या साउंडवाल्याच्या गाडीवर जितके बेस आहेत, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज काढणारे अठरा इंची शंकूचे खोके, त्याहून चार जास्त लावले तरी फरक पडतो तो मुख्यतः कर्जाच्या हप्त्यात. जादा बेस आले की जादा अ‍ॅम्प्लिफायर लागतात, त्यांना मोठा जनरेटर, त्याला मोठी गाडी, तिला डिझेल, आणि हे सगळे चढवायला-उतरवायला आणखी चार पोरे. मिरवणुकीत दोन गाड्या समोरासमोर उभ्या करून कुणाचा आवाज भारी हे पाहण्याचा जो प्रकार चालतो, त्यात गाणे कोणते हे कुणीच विचारत नाही. छाती हलली पाहिजे एवढीच मागणी असते. पन्नास हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांच्या, आवाजाची एक लाट सुमारे सात मीटर लांब असते, ती घराच्या भिंतीला फारशी जुमानत नाही आणि कानाच्या आधी अंगाला भिडते. ज्या आवाजाला कानाचीच गरज नाही, त्यासाठी ऐकणारा माणूस तरी कशाला हवा? निर्वेदाचे मूळ येथे आहे असे वाटते. कामाचा बोजा, जागरण, उधारी हे सारे खरे आहे, पण जागरण वारकरी करतो आणि कीर्तनकारही करतो. माणूस थकतो तो आपली विद्या निरुपयोगी झाल्याच्या जाणिवेने.

याला भर म्हणून फर्माईश असतेच. २०१६ साली ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ आले आणि त्यानंतर ते न वाजता संपलेली वरात सापडणे कठीण झाले. गाणे उत्तम आहे, पण एकाच रात्री चार वेळा आणि हंगामात काहीशे वेळा ऐकल्यावर उत्तम गोष्टीचेही काय होते ते मिठाईच्या दुकानातल्या कारागिराला विचारावे. तरीही प्रत्येक वेळी ते गाणे जणू पहिल्यांदाच लागत आहे अशा आवेशात माइकवरून ओरडणे भाग असते. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विदुषींनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात विमानातील सेविकांच्या हसतमुखपणाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संज्ञा मांडली: पगारासाठी चेहऱ्यावर आणि मनात ठरावीक भाव उत्पन्न करण्याचे कष्ट. सेविकेला निदान विमान उतरले की सुट्टी होते. डीजेला मात्र दारू चढलेल्या वऱ्हाड्याची समजूत काढायची असते, दोन भावकींतले भांडण गाणे बदलून मिटवायचे असते, आणि शेवटी मुलीच्या बापाकडे राहिलेली रक्कम मागताना तोच हसरा चेहरा पुन्हा लावायचा असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर याहून १० डेसिबल अधिक किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल ते चालते. आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, राज्य सरकारने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत दिलेली सूट सोडल्यास, उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. दोन माणसांचे जवळून चाललेले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे बेसची रांग चालू करताच नियम मोडतो हे सांगायला वकील लागत नाही. २०१८ साली गणेशविसर्जनाच्या तोंडावर डीजे-डॉल्बीवरील बंदीला स्थगिती देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, आणि तो योग्यच होता. म्हाताऱ्यांच्या, बाळंतिणींच्या आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवे होते. पण या न्यायाची एक बाजू अशी की मागणी करणारा गर्दीत मिसळून जातो आणि पुरवठा करणारा गाडीसकट सापडतो.

आणि कान. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. वरात पंधरा मिनिटांत चौकही ओलांडत नाही. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात आवाज टिपणाऱ्या ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहाटे खोके उतरवून अंथरुणावर पडल्यावर कानात जी बारीक शिट्टी वाजत राहते, ती पहिल्या वर्षी सकाळपर्यंत थांबते, पुढे दुपारपर्यंत रेंगाळते, आणि मग एखाद्याच्या बाबतीत ती कायमची राहायला येते. ऐकण्याच्या विद्येवर जगणाऱ्याने आपले भांडवल असे रोज थोडे थोडे जाळावे, ही या धंद्यातली सर्वांत उदास गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी धंद्यात फारसे बोलले जात नाही.

सोडून द्यावे का, हा प्रश्न बहुधा चातुर्मासात पडतो. सर्वांत नवी यंत्रे हाताळणारा हा माणूस पंचांगाचा बांधील आहे: आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत काढीव मुहूर्त सोडले तर लग्ने नाहीत, गुरू-शुक्राचा अस्त आला की पुन्हा खंड, आणि २०२६ सारखा अधिक ज्येष्ठ ऐन लग्नसराईत टपकला की भर उन्हाळ्यातला एक महिना कोरडा. गणपती आणि नवरात्र यांचा अपवाद वगळता खोके ताडपत्रीखाली झाकलेले असतात, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून पोरगा अधूनमधून फिरकतो, आणि मालक वहीत हप्ते मांडत बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’चा समावेश केला, तो आजार म्हणून नव्हे तर कामाशी निगडित अवस्था म्हणून, आणि तिची तीन लक्षणे सांगितली: गळून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. भरताची यादी समोर ठेवली तर यातली पहिली दोन तरी जुन्या ओळखीची निघतात.

सोडून देणे म्हणजे काय, याची सक्तीची तालीम एकदा होऊन गेली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती लग्नसराई, आंबेडकर जयंती आणि गावोगावच्या जत्रा यांच्या तोंडावर; पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच मुभा उरली. त्या काळात ज्यांनी खोके विकायला काढले त्यांना कळले की जुन्या बेसला भंगारापेक्षा फार भाव नसतो आणि ‘डीजेवाला’ या ओळखीला तर अजिबातच नसतो. काहींनी गाडीवर भाजी लादली. त्यांतले कितीतरी परतलेही, आणि ते केवळ हप्त्यांसाठी परतले असे म्हणणे अन्यायाचे होईल. दोन वर्षे कुणाच्या पायांना आपण नाचवले नाही, याची हुरहुर कर्जाच्या वहीत दिसत नाही, तरी ती असते.

म्हणून ‘धरावे की सोडावे’ एवढाच प्रश्न घालणे अपुरे आहे. काय सोडावे हेही ठरवले पाहिजे. भिंत, म्हणजे गाडीवर रचलेली खोक्यांची रांग, सोडता येते. कार्यालयाच्या बंद सभागृहात दोन टॉप, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज काढणारे खोके, आणि एक-दोन बेस यांवर, माणसाचे बोलणे ऐकू येईल इतक्या आवाजात, तीन तास लोकांना नाचवणारे डीजे आहेत. त्यांची सुपारी लहान असते, बिदागी कमी असते, मिरवणुकीतला मान त्यांना मिळत नाही, पण पुढचे गाणे कोणते हे तेच ठरवतात. ज्याला हेही नको वाटते त्याने खुशाल सोडावे, त्यात पराभव मानण्याचे कारण नाही. तत्पूर्वी एकदा कानाची तपासणी मात्र करून घ्यावी.

राहिले लग्नघरचे लोक. नवरदेवाला सजायला उशीर होतो, वरात नऊनंतर निघते, आणि दहाच्या ठोक्याला ऑपरेटरने आवाज खाली घेतला की सगळे मिळून ‘एकच, शेवटचे एकच’ म्हणून गळ घालतात. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहावे. त्या शेवटच्या गाण्यासाठी जप्त होतात ते खोके त्याचे असतात, आणि ते सोडवून आणायला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात वऱ्हाडातले कुणी येत नाही.