पानाला किती घेतेस?

‘‘ताई, तू असशील तर मी येतो. नायतर मला काय कळतंय तिथलं?’’

चुलत बहिणीनं फोनवर असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? आमच्या शाहूवाडीकडच्या मुली असंच बोलतात, ‘मी येतो, मी जातो’. पुण्यात मास कॉमला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी ‘येते’ म्हणायला शिकले, कारण वर्गात हशा पिकायचा. असो.

निमित्त होतं कोल्हापुरात, विद्यापीठात आर्ट्सच्या मुलांसाठी ठेवलेल्या करिअर डेचं. बहीण इतिहास घेऊन बी. ए. झालेली. काकांनी मुदत दिली होती, उन्हाळ्यापर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायची. आणि तिचं अख्खं ‘नेटवर्क’ म्हणजे मी! पर्समध्ये गुळगुळीत व्हिजिटिंग कार्ड्स आणि तीन महिन्यांपासून अडकलेलं एका कामाचं पेमेंट. हे अर्थातच घरी कुणाला माहीत नव्हतं.

मलकापूरहून सकाळची एसटी, बायकांना अर्धं तिकीट. बांबवडे ते वाघबीळ ती ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चं उत्तर पाठ करत होती.

हॉलमध्ये टेबलंच टेबलं. बँक, इन्शुरन्स, कॉल सेंटर. एक्सेल येतं का? टार्गेट झेपेल का? नाइट शिफ्ट? प्रत्येक ‘नाही’नंतर ती माझ्यामागे आणखी थोडी सरकायची. मी मात्र चहाचा कप हातात धरून झकास नेटवर्किंग करत होते, पाच कार्ड वाटली! सगळ्यात जास्त गर्दी स्पर्धा परीक्षांच्या टेबलावर. २०२५पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे आता लिहिता येणाऱ्यांचे दिवस, असं तिथले सर सांगत होते. ज्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९६२ साली, इतिहासाचे आप्पासाहेब पवार होते, तिथे इतिहासाची मुलगी ‘सॉरी, आर्ट्स केलंय’ म्हणत फिरत होती. तुम्हीही कधीतरी म्हटलं असेलच की!

डबा खाताना मी तिचा बायोडेटा बघितला. छंद : वाचन, संगीत.

‘‘आणि मोडी कुठंय?’’

‘‘ते कशाला लिवायचं? ते काय स्किल हाय व्हय?’’

हिनं एस. वाय.ला असताना मोडी लिपीचा कोर्स केलेला. मलकापूर म्हणजे विशाळगड जहागिरीचं ठाणं, घराघरात ट्रंकेत जुने कागद. शेजारपाजारचे तिच्याकडे घेऊन येतात. फी काय? चहा. एकदा नारळ. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरं वाचायला मोडी जाणणारी माणसं शोधावी लागली होती. हे तिनंच मला सांगितलं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे केवढे कागद आहेत, तेही. मार्गदर्शन करायला मी आले होते, बरं का!

मी पेनानं बायोडेटात ‘मोडी वाचन’ लिहिलं आणि तिला पुन्हा आत ढकललं. एका कोपऱ्यात जुन्या कागदांचं स्कॅनिंग करणारे एक गृहस्थ बसले होते. सकाळी आम्ही त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, टेबलावर बॅनर नव्हता ना. त्यांनी मोबाइलवर एका कागदाचा फोटो समोर धरला. ती वाकली. बोट हवेत फिरवत वाचायला लागली, पाठ केलेल्या इंग्रजीपेक्षा कितीतरी ठणठणीत आवाजात. चौथ्या ओळीत एक शब्द अडला, तर म्हणाली, ‘‘हे लागत नाही मला. मोठं करून बघावं लागंल.’’

‘‘पानाला किती घेणार?’’ त्यांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं फ्रीलान्सिंग करतेय, पण हा प्रश्न आला की मी अजूनही ‘तुम्हीच सांगा ना’ म्हणते. मी छताकडे बघायला लागले.

‘‘घरात विचारून सांगतो,’’ ती म्हणाली आणि त्यांचा नंबर घेतला. स्वतःहून!

परतीच्या एसटीत वाघबीळ येईपर्यंत दोघी गप्प.

‘‘ताई, तू पानाला किती घेतेस?’’

मी खरा आकडा सांगितला. ती बोटांवर काहीतरी हिशेब करत बसली. मग म्हणाली, ‘‘आणि देत्यात का येळेवर?’’