मुंजाबाच्या बोळातील न्याहारी

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसनिष्पत्तीचा विचार पाकक्रियेच्या दृष्टान्तावर उभा केला आहे, हे आपण दरवर्षी वर्गात सांगतो आणि लगेच पुढे सरकतो. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा रस निष्पन्न होतो, तसा नाना भावांच्या संयोगाने नाट्यरस. सुसंस्कृत अन्न खाणारा सुमनस पुरुष जसा त्याचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक स्थायीभावांचा. हा दृष्टान्त म्हणजे शिडी आहे, वर पोचल्यावर ती बाजूला सारायची, अशीच आपली समजूत असते. आनंदवर्धन, अभिनवगुप्त यांच्याकडे जाण्याच्या घाईत स्वयंपाकघर मागे राहते. मीही तीस वर्षे ते मागेच ठेवले. गेल्या पौषातल्या एका पहाटे पुण्याच्या पेठांमधून चालताना त्याची आठवण झाली, ती काहीशी अवघडलेल्या मनाने.

माझा एक जुना विद्यार्थी शहरात पायी फेरी काढतो. एम.ए.ला त्याने लोकसाहित्याचा ऐच्छिक पेपर घेतला होता. नोकरी मिळाली नाही. फेरीत तो भुताखेतांच्या गोष्टी सांगतो आणि वाटेत ठिकठिकाणी खाऊ घालतो. शुल्क घेतो. अशा फेऱ्या अन्यत्र रात्री निघतात, याची पहाटे निघते. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, भुताची गोष्ट केव्हाही सांगता येते, मिसळ सकाळचीच.’’ यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्या दोन-तीन आमंत्रणांना टाळाटाळ करून शेवटी मी गेलो. लोकपरंपरेच्या बाजारीकरणावर एक टिपण लिहावे, असा माझा हेतू होता, हे कबूल केले पाहिजे.

साडेपाचला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर पंधराएक माणसे जमली. दरवाजाकडे तोंड केले की उजव्या हाताला चंद्र मावळतीकडे झुकलेला. 1732 मध्ये उभा राहिलेला आणि 1828 च्या आगीत जळालेला तो वाडा. आता तट, दरवाजे आणि जोती एवढेच शिल्लक. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा इथे गारद्यांनी खून केला. प्रेत ज्या दरवाजातून बाहेर नेले त्याला नारायण दरवाजा हे नाव पडले. पौर्णिमेच्या रात्री ‘‘काका, मला वाचवा’’ अशी हाक आतून ऐकू येते, ही कथा मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. माझ्या विद्यार्थ्याने ती सांगितली मात्र चांगली. आवाज चढवला नाही.

संहितासमीक्षा शिकवणाऱ्या माणसाला या आख्यायिकेचे वेगळे आकर्षण असते. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा आनंदीबाईने ‘मा’ केला आणि आज्ञेचा अर्थ ‘मारावे’ असा झाला, असे परंपरा सांगते. रामशास्त्र्यांनी दोष दिला तो राघोबादादाला. लोकस्मृतीने तो एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर टाकला. पाठभेदातून जन्मलेले हे बहुधा आपल्याकडचे एकमेव भूत असावे. परंतु त्या पहाटे मला जाणवले ते निराळेच. ही हाक ज्याला उद्देशून आहे तो वाचवणारा नाहीच. नारायणराव ज्या काकाला मिठी मारायला धावला त्याच्याच नावाने आज्ञा निघाली होती. आणि आता वाड्याबाहेर उभे राहून जो कोणी ती हाक ऐकतो, तो आपोआप त्या काकाच्या जागी उभा राहतो. कथनमीमांसेच्या भाषेत श्रोत्याची भूमिका संहितेतच लिहून ठेवलेली आहे, आणि ती मोठी गैरसोयीची आहे. एवढा विचार करून होतो न होतो तोच मागून एक मुलगी म्हणाली, ‘‘काका, जरा पुढे सरकता का?’’ पुण्यात पांढऱ्या केसांच्या कोणालाही काका म्हणतात. मी सरकलो.

इथे मला अभिनवगुप्ताशी भांडावेसे वाटले. भयानक रसाचे उदाहरण म्हणून तो शाकुंतलातील दुष्यन्ताच्या रथापुढे पळणारे हरीण घेतो. त्या हरिणाचे भय रसिकाच्या मनात उतरते ते देश, काळ आणि व्यक्ती यांची बंधने गळून पडल्यावरच. हे विशिष्ट हरीण भ्यालेले नाही, मी भ्यालेलो नाही; उरते ते निखळ भय. साधारणीकरणाची ही कल्पना मला आजही आपल्या काव्यशास्त्रातील सर्वांत खोल कल्पना वाटते. पण भुताची गोष्ट तिच्या बरोबर उलट चालते. तिचे सगळे बळ ‘हाच तो दरवाजा’, ‘हाच तो पिंपळ’ या दर्शक सर्वनामांत असते. भूत म्हणजेच जे साधारण व्हायला नकार देते ते. तोदोरोव्हने अद्भुताची व्याख्या वाचकाच्या द्विधेवर, नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधल्या त्याच्या घुटमळण्यावर, उभारली. आपल्याकडच्या गावभुतांच्या कथेत ही द्विधा फारशी नसते, तिथे असतो पत्ता. कोणाला दिसले, कुठे, त्याचे आपल्याशी नाते काय. ‘आमच्या आत्याच्या सासऱ्यांना’ ही त्या कथेची खरी सुरुवात असते.

अन्नाचीही गोष्ट अशीच. त्याला पत्ता लागतो.

आणि पुण्याने दोन्ही पत्ते एकमेकांत किती मिसळले आहेत, हे मला इतकी वर्षे इथे राहून ध्यानात आले नव्हते. 1886 मध्ये मंडईची इमारत उघडली, त्यापूर्वी भाजीबाजार भरत असे तो याच शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत. बटाट्या मारुतीच्या नावात तो बाजार अजून शिल्लक आहे. म्हणजे ज्या दरवाजाआडून रात्री हाक येई, त्याच्याच समोर सकाळी बटाटे-कांद्यांचे भाव ओरडले जात. (ज्या इमारतीवरील खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला तिला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. शहराच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की काय करावे ते कळत नाही.) पुढे तुळशीबागेजवळ जिलब्या मारुती, सदाशिव पेठेत गेलो की खुन्या मुरलीधर, ज्याच्या प्रतिष्ठेच्या वेळी रक्त सांडले म्हणून हे नाव. आजच्या गुरुवार पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. आपण देवांना खाद्यपदार्थांची आणि खुनांची नावे दिली आणि त्यांत आपल्याला काही विसंगत वाटले नाही.

मंडईपाशी अमृततुल्याचा वेलदोडा घातलेला गोड चहा झाला. तिथे विद्यार्थ्याने घाशीराम कोतवालाची कथा सांगितली. आपण ती 1972 नंतर तेंडुलकरांच्या नाटकातूनच आठवतो, आणि सत्ता, लैंगिकता, समूह यांविषयी बोलतो. तो बोलला भुकेविषयी. परमुलखातून दक्षिणेसाठी आलेल्या ब्राह्मणांनी कोतवालाच्या बागेतील फळे तोडली, म्हणून ते कोठडीत कोंडले गेले आणि गुदमरून मेले. 1791 मध्ये पुण्याने कोतवालाला दगडांनी ठेचून त्याचा सूड घेतला. ‘‘कथा फळांपासून सुरू होते,’’ एवढेच तो म्हणाला आणि जिलबीचा पुडा फिरवला. काहींनी घेतली, काही जण जरा थबकले. मला हा योजलेला परिणाम वाटला आणि तो आवडला नाही. आता वाटते, माझे चुकले.

सूर्य वर आल्यावर आम्ही नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळात पोचलो. पेठेला नाव त्या खून झालेल्या पेशव्याचे, बोळाला मुंजाचे, आणि बोळात बेडेकरांची मिसळ. पुण्याबाहेरच्यांना जी गोडसर म्हणून हसू येते तीच ही. मुंज झाली पण सोडमुंज वा लग्न होण्यापूर्वी जो मुलगा गेला तो मुंजा होतो, पिंपळावर राहतो, हे श्रोत्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते. विद्यार्थ्याने त्यांना ते सांगितले. नारायणराव विवाहित होता, त्याची पत्नी गरोदर होती, म्हणून तो मुंजा होऊ शकत नाही, हेही सांगितले. भूतकोटींच्या वर्गीकरणात तो माझ्यापेक्षा काटेकोर आहे. मग बशा आल्या आणि त्याने गोष्ट सुरू केली.

एका घरातला आठ वर्षांचा मुलगा. वैशाखात मुंज झाली, सहा महिन्यांत तापाने गेला. त्याची बहीण विहिरीवर जाई तेव्हा तो पिंपळाच्या खालच्या फांदीवर लंगोटी लावून बसलेला दिसे आणि म्हणे, ‘‘ताई, माझा दंड धर, मी उतरतो.’’

माझा हात बशीवरच राहिला. ती बहीण म्हणजे माझी आजी. तो पिंपळ कृष्णाकाठच्या एका गावात होता आणि आता नाही. साल 1918, त्या वर्षीच्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीचे. आजीने ही हकीकत मला 1985 च्या उन्हाळ्यात सांगितली. मी ती ध्वनिमुद्रित केली आणि मुंजाकथांच्या आशयसूत्रांवरील एका निबंधात घातली. तिचे नाव न देता ‘निवेदिका, वय सुमारे 77, गृहिणी’ असे लिहिले. तो निबंध वर्गात वाचायला लावत असे. माझ्या विद्यार्थ्याने ‘निवेदिका’ काढली, गाव काढले, आणि गोष्ट या बोळात आणून बसवली. पळसाचा दंड मात्र तसाच ठेवला, कारण तो तपशील चांगला आहे. तो चांगला आहे म्हणूनच मीही ठेवला होता.

एक तरुण रस्सा भुरकत म्हणाला, ‘‘सॅम्पल द्या की त्यालाही.’’ सगळे हसले. मला राग आला, पण तो कोणावर काढावा हे ठरेना. पत्ता पुसला तो प्रथम मीच. त्याने निदान खोटा का होईना, पत्ता दिला होता.

न्याहारी आटोपून मंडळी पांगली. विद्यार्थी पैशांचा हिशेब करून माझ्याशेजारी येऊन बसला. गोष्ट आजीची आहे हे मी त्याला सांगितले. तो ओशाळला, पुन्हा सांगणार नाही म्हणाला. मी तसे काही म्हटले नव्हते. मग जरा थांबून त्याने विचारले, ‘‘सर, एक विचारू? लोक दर वेळी विचारतात की मुंजा खायला काय मागायचा. खाण्याची फेरी आहे ना, म्हणून. तुमच्या निबंधात ते नाही. मी काहीतरी ठोकून देतो.’’

निबंधात ते नाही हे खरे. ध्वनिफितीवरही नाही. दंडाचे वाक्य झाल्यावर कथा पूर्ण झाली असे समजून मी यंत्र बंद केले होते. आजी बोलतच राहिली. ते मला घरगुती बोलणे वाटले. आशयसूत्रांच्या कोष्टकात ‘निषिद्ध’, ‘दर्शन’, ‘मागणी’, ‘शमन’ असे रकाने होते आणि त्यांतील ‘मागणी’पुढे मी ‘दंड’ असे भरून मोकळा झालो होतो. दुर्गाबाई भागवत शिकून, ढेऱ्यांचे संशोधन वाचून मी तिच्यासमोर बसलो होतो. त्यांच्यापैकी कोणी यंत्र बंद करायला सांगितले नव्हते. उतारा तिठ्यावर ठेवून मागे न बघता यायचे असते, पितरांचे पान आधी वाढायचे असते, पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरातले जेवत नाहीत: मेलेल्यांशी आपला सारा व्यवहार अन्नाचा आहे, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. तरीही आजीच्या तोंडून ते ऐकताना मला तो साहित्याचा भाग वाटला नाही. शिडी बाजूला सारायची सवय इतकी अंगवळणी पडली होती.

या फेरीत मेलेल्यांसाठी काही ठेवले जात नाही. सगळे जिवंतच खातात. बाजारीकरणाविषयीच्या माझ्या न लिहिलेल्या टिपणाचा तो मुख्य मुद्दा झाला असता. पण ज्या प्रश्नापाशी मी तीस-चाळीस वर्षांत पोचलो नाही तो प्रश्न मिसळ खाणाऱ्या पैसे भरलेल्या माणसांनी दर रविवारी विचारला होता.

मी त्याला सांगितले. तापात वैद्याने लंघन सांगितले होते. मुलगा पाच दिवस दूधभात मागत होता आणि आईने दिला नाही. मातृभोजनाच्या वेळी तिच्या ताटात जेवला तेच शेवटचे, असे ती पुढे म्हणत राही, आणि ते खरे नव्हते. मधले सहा महिने तो रोज जेवला होता. पिंपळावरून उतरला असता तर तो घराकडेच आला असता, म्हणून बहीण दंड धरत नसे, पण दर अमावास्येला पिंपळाच्या बुंध्याशी दूधभात ठेवून येई. लग्न होऊन गाव सुटेपर्यंत ठेवला. नंतर आईने.

त्याने वही काढली. किती भात, असे विचारले. एक मूठ, मी म्हटले. मऊ, मीठ न घातलेला, पळसाच्या पानावर.

‘‘आणि तो खायचा कोण?’’

‘‘कावळे,’’ मी म्हटले. ‘‘वाटेवरची कुत्रीही. आजीला ते ठाऊक होते.’’

हेही त्याने लिहून घेतले.