ब्रिगेन : राखेखालची अक्षरे

१/ नॉर्वेतील बर्गन बंदरात उतरलेला प्रवासी हटकून ब्रिगेनसमोर थांबतो. ‘ब्रिगेन’ म्हणजे धक्का. रंगीत लाकडी घरांची ती रांग छायाचित्रात शोभून दिसते. परंतु तिचा इतिहास मागच्या अरुंद बोळांत आणि पायाखालच्या मातीत दडलेला आहे.

२/ सुमारे १३६० पासून १७५४ पर्यंत येथे जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची वखार होती. उत्तर नॉर्वेतून वाळवलेला कॉड मासा येई, बाल्टिक किनाऱ्यावरून धान्य. वखारीतील पुरुषांना विवाहाची मनाई होती. आगीच्या भयाने राहत्या घरांत चूल पेटवण्यासही मनाई असे.

३/ तरीही आग टळली नाही. १७०२ मध्ये वस्ती भस्मसात झाली आणि जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभारली गेली. आज दिसणारी जुनी घरे त्यानंतरची.

४/ जुलै १९५५ मध्ये पुन्हा आग लागून वस्तीचा एक भाग जळाला. त्या जागी पुरातत्त्वज्ञ आस्ब्योर्न हर्टेइग यांनी उत्खनन केले आणि लाकडांवर, हाडांवर कोरलेले सुमारे ६७० रूनलेख हाती आले.

५/ रून ही उत्तर युरोपातील प्राचीन लिपी. ती चौदाव्या शतकातही सामान्यांच्या वापरात होती, हे या लेखांनी दाखवले. कुठे मालकाच्या नावाची पट्टी, कुठे प्रार्थना. एका काठीवर तर गीदा नावाच्या स्त्रीचा कुणाला तरी घरी परतण्याचा निरोप आहे.

६/ राजांच्या चरित्रांत अशा गीदेला स्थान नसते. १९७९ पासून ब्रिगेन जागतिक वारसा आहे. तेथे जाणाऱ्याने छायाचित्र जरूर घ्यावे. मग त्या बोळांत शिरून गीदेचीही आठवण काढावी.