थेंबाचा माग

आमच्या मारुती व्हॅनने पंचविशी ओलांडली आहे. १९८४ साली ही गाडी प्रथम बाजारात आली, पुढे तिला ऑम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. घरातील तरुण मंडळी ती आता काढून टाका म्हणतात. परंतु गुडघेदुखीने जेरीस आलेल्या आमच्या आत्याबाईंना तिच्या सरकत्या दारातूनच सुखाने चढता येते, आणि बेळगावहून चोर्ला घाटाने कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनाला जाणे तर त्यांच्याने चुकवत नाही. म्हणून रेडिएटरमधील पाणी दर आठवड्यास बोटभर उतरू लागले, तेव्हा जत्रेपूर्वी त्याचा छडा लावणे आम्हांस भाग पडले. घाट उतरताना फारसे भय नसते. परतीच्या चढावर पाणी संपले की इंजिनाचे ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकडे होते आणि म्हातारी माणसे रानात अडकतात.

या गाडीचे इंजिन पुढच्या आसनाखाली असते. ते आसन न उचलताच एका मिस्त्रींनी ‘हेड गॅस्केट गेली’ असा निकाल देऊन टाकला. तो खर्चही मोठा, आणि पुरावा न पाहता दिलेला निकाल आमच्यासारख्या वकिलास कसा पटावा? आम्ही दुसऱ्या, वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली. चालत्या इंजिनात पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांवरही उकळत नाही. मात्र तोच दाब त्याला फटीतून बाहेर लोटतो, आणि आलेला थेंब तापल्या धातूवर वाळून जातो. जमिनीवर काही दिसावे कसे? सकाळी इंजिन थंडगार असता त्यांनी रेडिएटरच्या तोंडाशी हातपंप जोडला, टोपणावरील आकड्याइतकाच दाब भरला आणि स्वस्थ बसून राहिले. काटा हळूहळू उतरू लागला. एका होज पाईपच्या क्लिपपाशी वाळलेला हिरवट थर होता. ती आवळली, तरी काटा उतरतच होता. इंजिनाच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता. आरसा आणि बॅटरी घेऊन त्याच्या ओल्या रेषेने वर जाता जाता ते वॉटर पंपाशी पोचले. पंपाच्या अंगावर एक बारीक छिद्र मुद्दामच ठेवलेले असते. आतले सील झिजले की पाणी तेथून पाझरते. ते बुजवणारे महाभागही आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते!

गॅस्केटचीही चौकशी झालीच. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, प्लग कोरडे होते. ऑइलच्या झाकणाखाली किंचित पांढरी साय होती खरी. पण गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती दमट हवेनेही धरते.

जुने कूलंट मिस्त्रींनी गटारात ओतू दिले नाही. ते चवीला गोड, आणि गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांस प्राणघातक. ते डब्यात बंद करून त्यांनी नवा पंप बसवला, पुन्हा दाब भरला आणि चहा मागवला. चहा येऊन संपला, तरी काटा जागचा हलला नव्हता.