कोयनेच्या कडेकडेनं

डोंगराळ मुलखात रस्ता काढायचा तर आधी नदीला विचारावं लागतं. जमीन कुठं हळूहळू चढते, कडा कुठं आडवा येतो, दोन डोंगरांच्या मधे गाडीवाट बसेल एवढी जागा कुठं आहे, हे सगळं तिनं फार पूर्वीच चाचपून ठेवलेलं असतं. कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणारा रस्ता असा कोयनेला विचारून निघालेला आहे. कागदोपत्री तो गुहागर-विजापूर मार्गाचा एक तुकडा. वर्षानुवर्षं तो राज्यमार्ग होता आणि त्याच्या किलोमीटरच्या दगडांची डोकी हिरवी होती. अलीकडे त्याला राष्ट्रीय महामार्गाचा 166 ई हा क्रमांक मिळाला. राष्ट्रीय म्हटलं की दगडाचं डोकं पिवळं. रस्ता रुंद होताना काठाची कित्येक जुनी झाडं गेली, वळणं थोडी सैल झाली. पण वाट तीच राहिली. क्रमांक बदलता येतो, दरी बदलता येत नाही.

कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. कृष्णा वाई-माहुलीवरून, देवळं आणि घाट घेत, चारचौघांत वावरत येते. कोयना डोंगरांच्या आडोशानं, जंगलातून, सह्याद्रीच्या कण्याला समांतर सरळ दक्षिणेला जाते. कऱ्हाडला दोघींची गाठ पडते. इतर संगमांवर एक नदी वाहत असते आणि दुसरी बाजूनं येऊन मिळते. इथं दोघी समोरासमोर येतात आणि मग एकीनं पूर्वेला वळतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी तिथं भेळ खात बसलेल्या माणसांना विचारलं की कुठलं पाणी कुणाचं, तर ती हातानं दाखवतात आणि लगेच हसतात, कारण हात दाखवेपर्यंत ते एक झालेलं असतं.

कोयनेवरचा पूल ओलांडून गाडी पश्चिमेला वळली की डाव्या हाताची खिडकी धरावी. सुपनं, मल्हारपेठ, नवारस्ता अशी गावं येत जातात आणि उसाच्या फडांपलीकडे नदीची झाडी सोबत चालते. पाणी नेहमी दिसतंच असं नाही. उंबर, करंज, जांभूळ यांची एक गडद रेघ दिसते आणि तिच्याखाली पाणी आहे हे ओळखायचं असतं. पलीकडे आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपावरच्या दानलेखांतही करहाकट म्हणजे कऱ्हाडच्या लोकांची नोंद आहे. कऱ्हाडच्या माणसांनी एवढ्या लांब दान पाठवलं, त्या काळी कोकणातल्या बंदरांकडून देशावर माल आणणारे बैल आणि तांडे याच खोऱ्यानं चढले असणार, असं मला वाटतं. दुसरी सोपी वाट इथं नाहीच.

या रस्त्याचा खरा चमत्कार चढात नाही, पावसात आहे. नदीचा उतार इतका मवाळ आहे की कऱ्हाडपासून कोयनेच्या खोऱ्यात कितीही आत शिरा, इंजिनाला कण्हावं लागत नाही. पण प्रत्येक फाट्यागणिक आभाळ बदलतं. कऱ्हाडच्या आसपास वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोयनानगरला पाच हजारांच्या आसपास. हे अंतर एसटीनं दोन तासांच्या आतबाहेरचं. तेवढ्यात ज्वारी आणि ऊस मागं पडतात, भाताची खाचरं सुरू होतात, उतारावर नाचणी-वरी दिसू लागते. घरांची छपरं उभी होत जातात, वळचणी पुढं येतात. ऐन आषाढात कऱ्हाडला कोरडा चढलेला माणूस पाटणला उतरेपर्यंत छत्री काढतो, आणि हेळवाकला उतरणारा छत्रीच्या भानगडीत पडतच नाही. त्या वाऱ्यापुढं छत्री टिकत नाही हे त्याला ठाऊक असतं.

पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. उत्तरेला वर पठारांवर पवनचक्क्यांची पाती फिरत असतात. त्याच बाजूला सडावाघापूरला पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला लोक जातात : कड्यावरून पडणारं पाणी दरीतला वारा पुन्हा वर उडवून देतो. पाणी खालीच जातं हा नियम या तालुक्यात तितकासा पक्का नाही, याची ती पहिली खूण.

पुढं येराडचा येडोबा येतो. यात्रेच्या दिवसांत या पट्ट्यातली एसटी गच्च भरते. 'मास्तर, येराडला उतरायचं हाय, इसरू नगासा,' असं एखादी आजी कंडक्टरला बजावते. तो म्हणतो, 'आजी, येडोबाला इसरून कसं चालंल?' मग दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकतात, खोरं अरुंद होतं, शेतं हातरुमालाएवढी होतात, आणि हेळवाक येतं.

इथवर आपण नदीच्या उलट दिशेनं आलो. आता नदी कशी आली ते पाहायला हवं. महाबळेश्वरहून साठेक किलोमीटर ती दक्षिणेला धावली, सगळा वेळ सह्याद्रीची धार उजवीकडे ठेवून. हेळवाकपाशी ती कोकणाच्या कड्याच्या इतकी जवळ असते की आणखी थोडं पश्चिमेला सरकली असती तर अरबी समुद्र फार दूर नव्हता. पण ती काटकोनात पूर्वेला वळली, कऱ्हाडला गेली, आणि कृष्णेच्या सोबतीनं सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. इतका जवळचा समुद्र सोडून इतका लांबचा. रस्ता मात्र इथं वळत नाही. त्याला चिपळूण गाठायचं आहे. कऱ्हाडपासूनची सोबत सोडून तो घाटमाथ्याकडे निघतो. इथं नदी आणि रस्ता एकमेकांचा निरोप घेतात.

निदान 1962 पर्यंत घेत होते.

हेळवाकच्या वरच्या अंगाला कोयनेचं धरण उभं राहिलं आणि त्यामागं शिवसागर जलाशय पसरला. 103 मीटर उंचीची भिंत आणि आज 105 टीएमसीचा साठा. पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. पाच हजार मिलिमीटर पावसात वाढलेली घरं कोरड्या माळावर वसली. धरण बांधण्यामागचा हिशेब साधा आणि धाडसी होता. पूर्वेला वाहणाऱ्या नदीची खरी ताकद पश्चिमेला आहे, कारण तिकडे साडेचारशे मीटरहून जास्त खोल कडा आहे. मग डोंगराच्या पोटातून बोगदा काढला, पाणी पश्चिमेला नेलं आणि कड्याखाली, पोफळीच्या भूगर्भातल्या वीजघरात सोडलं. 1962 साली वीज आली. पुढं वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी 1999 मध्ये आणि मग 2012 मध्ये भरलेल्या तलावाला तळाखालून भोक पाडलं. तलाव रिकामा न करता शेवटचा खडक सुरुंगानं उडवला.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे जमीन हलली. कोयनानगरात झोपेतच घरं कोसळली, सुमारे 180 माणसं गेली. भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली. तेव्हापासून हे खोरं भूकंपशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं आहे. तलावातल्या पाण्याचा भार आणि जमिनीखालची हालचाल यांचं नातं शोधायला जगभरचे लोक इथं येतात. स्थानिकांना त्यासाठी पुस्तक लागत नाही. भांडी वाजली की ते क्षणभर थांबतात, वर छताकडे बघतात आणि पुन्हा भाकरी थापू लागतात.

घाटमाथ्यावरून कुंभार्ली घाट उतरू लागला की रस्ता एकटा असतो. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला धुकं; पावसाळ्यात प्रत्येक मोरीतून पाणी उसळत असतं आणि प्रत्येक वळणावर ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही. दरडीचा दगड रस्त्यावर आला तर तो ढकलायला खाली उतरणारे प्रवासी इथं कधी कमी पडत नाहीत. घाट संपतो, दमट हवा अंगाला चिकटते, फणस आणि सुपारी दिसतात, बोलण्यातला 'हाय' जाऊन 'आहे' येतो. आणि पोफळी, शिरगाव, अलोऱ्याच्या बाजूला आपण पाणी पाहतो. कोळकेवाडीच्या धरणातून सुटलेलं, वीजघरांतून काम करून बाहेर पडलेलं पाणी. इथले लोक त्याला अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीला मिळतं आणि रस्त्याशेजारून चिपळूणला जातं.

हेळवाकला जिचा निरोप घेतला तीच ही. रस्ता डोंगरावरून आला, ती डोंगराखालून आली. हजारो वर्षं या खोऱ्यात रस्ता नदीमागून चालला. आता नदी रस्त्यामागून चालते. पुढं दाभोळच्या खाडीतून ती त्याच समुद्राला मिळते, जो तिनं हेळवाकला नाकारला होता. कृष्णा पाणीतंटा लवादानं ठरवून दिलेलं, वर्षाला 67.5 टीएमसी एवढं पाणी असं वळतं. त्यामुळे चैत्रात कोकणातल्या इतर नद्यांचे गोटे उघडे पडतात तेव्हाही वाशिष्ठी वाहत असते.

पण वाहती नदी नेहमी उपकारच करते असं नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. पाऊस किती, भरती किती, अवजल किती, यावर शहरात बराच वाद झाला. त्याच दिवसांत घाटाच्या वर, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खचून माणसं गाडली गेली. पाऊस एकच होता. कड्याच्या एका बाजूला तो पाणी होऊन आला, दुसऱ्या बाजूला माती होऊन.

या मार्गाचं दुसरं टोक आपण विसरतो, कारण ते कोरडं आहे. कऱ्हाडहून पूर्वेला हाच रस्ता कडेगाव, विटा करत जतच्या माळरानात आणि पुढं विजापूरला जातो. तिकडे तो कुठल्याच नदीला विचारत नाही. विचारायला बारमाही नदीच नाही. मोठाली मोकळी जमीन, बाभळी, मेंढरांचे कळप, पाण्याचे टँकर. आता तिकडेही पाणी निघालं आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून सोडलेली कोयना कऱ्हाडला कृष्णेत मिसळते, संगमाच्या खाली टेंभूच्या बंधाऱ्यापाशी अडते आणि पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माथ्यांवर चढवली जाते. पश्चिमेला कडा उतरून वीज देणारं पाणी आणि पूर्वेला वीज खाऊन चढ चढणारं पाणी, दोन्ही एकाच नदीचं.

चिपळूणचा माणूस म्हणतो, अवजल वाया जातंय, ते आधी कोकणाला द्या. आटपाडीचा म्हणतो, पूर्वेला वाहणारी नदी पश्चिमेला वळवलीच कशाला. पाटणचा म्हणतो, दोघांचे दिवे आणि मळे आमच्या बुडालेल्या गावांवर. प्रत्येकाच्या हातात पुरावा आहे आणि कुणाचाच खोटा नाही. नदीनं पूर्वी हा निकाल उतारावर सोपवला होता, म्हणून तिच्याशी भांडता येत नव्हतं. आता निकाल माणसं देतात, म्हणून भांडता येतं, आणि भांडलंच पाहिजे. फक्त भांडणाऱ्यानं एकदा या मार्गाची एसटी धरावी, जतपासून गुहागरपर्यंत. शेजारच्या बाकावर बसलेला माणूस ज्या पाण्यावर जगतो ते आपलंच आहे, हे त्याला तिकिटाच्या पैशांत कळेल.