जुन्या चिऱ्यांचं घर



16 मे 2021 ला तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्याजवळून गेलं. सासूबाई देवघरात णमोकार म्हणत बसलेल्या आणि डोक्यावरची कौलं उडत होती. दुसऱ्या दिवशी त्या एकच वाक्य बोलल्या, "आता मला स्लॅबचंच घर हवं."

माझं मन मात्र जुन्या जांभ्याच्या चिऱ्यांवर. नवा चिरा म्हणजे पुन्हा खाण, पुन्हा पृथ्वीकाय जीवांची हिंसा. आमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या होत्या, म्हणून चिरे अख्खे सुटले. सिमेंटचा जोड असता तर सोडवताना निम्मे फुटले असते. गवंडीकाका म्हणाले, "वयनी, ह्यो चिरो तुमच्या नातवाक पण पुरतलो." चातुर्मास संपेपर्यंत मी उकरायला हात लावू दिला नाही, यावरून घरात बरीच कुरबुर झाली.

खरी अडचण दोन ठिकाणी आली. आपल्याकडे चुना शिंपल्यांचा मिळतो. तो मला नको होता, म्हणून दगडी चुना घाटावरून मागवला. वाहतुकीचा भुर्दंड पडला. दुसरी अडचण वाळवीची. सुतार औषध मारा म्हणत होता. आम्ही वाशांचा पोखरलेला भाग कापून कुंपणाकडे सावलीत ठेवला आणि चांगलाच तेवढा वापरला. तरी जीव गेले नसतील असं मी म्हणणार नाही. प्रतिक्रमणाला बसलं की ते वासे आठवतात.

सगळ्यात उपयोगी पडलं काचेचं कौल! स्वयंपाकघर पश्चिमेला घेतलं, ओट्यावर दोन काचेची कौलं बसवली. आपला रात्रिभोजन त्याग. पावसाळी अंधारून आलं की पूर्वी चार वाजताच दिवा लावावा लागे आणि त्यावर पाखरं येऊन पडत. आता संध्याकाळचा स्वयंपाक बहुतेक दिवशी दिव्याशिवाय उरकतो. जाड भिंती आणि उंच छप्पर, त्यामुळे एसीचा विषयच निघाला नाही. उडू नयेत म्हणून कडेच्या कौलांच्या ओळी तारेने रिपांना बांधल्या आहेत.

सासूबाईंची भीती काही खोटी नव्हती. म्हणून देवघराशेजारची एक खोली मजबूत स्लॅबची केली, वादळात सगळ्यांना बसता येईल एवढी. या जूनमध्ये जोराचं वारं सुटलं तेव्हा त्या उशी घेऊन तिकडे गेल्या. अर्ध्या तासात "काय बाई उकडतं त्या स्लॅबखाली" म्हणत परत माजघरात.