प्रकृतीच्या कारणास्तव

कॉर्क शहराच्या नावाचा बाटलीच्या बुचाशी काही संबंध नाही. आयरिश भाषेत त्या शब्दाचे मूळ दलदलीत आहे. ली नदीच्या दोन फाट्यांमधल्या दलदलीवर हे गाव वसले. जावयाने ही माहिती विमानतळावरून घरी येतानाच देऊन टाकली. मी बुचाचा विनोद करणार, हे मुलीने त्याला आधीच सांगून ठेवले असावे.

*

पॅट्रिक स्ट्रीटच्या टोकाला, पुलाच्या अलीकडे, फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांचा पुतळा आहे. १८३८ साली याच शहरात त्यांनी लोकांना दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली आणि पाच-सात वर्षांत लाखो आयरिश माणसांनी ती घेतली. पुतळा १८६४ चा. हिने सवयीने हात जोडले. आम्ही पुतळ्याला वळसा घालून व्हिस्कीचा कारखाना बघायला स्टेशनकडे निघालो.

*

कारखान्याचा बेत जावयाचा. मुलीची शनिवारची ड्यूटी, बाहेर पाऊस, घरात आम्ही तिघे. तो म्हणाला, “बाबा, नुसतं बघायला जाऊ.” नुसतं या शब्दावर त्याने इतका जोर दिला की पुढचे सगळे मला कळले. लग्नाला सहा वर्षे झाली, आम्ही दोघांनी एकमेकांसमोर कधी ग्लास धरलेला नाही. दोघेही घेतो, दोघांनाही ठाऊक आहे. सासरे-जावयाचे नाते अशाच काही न पाहिलेल्या गोष्टींवर उभे असते.

*

केंट स्टेशन ते मिडलटन, पंचवीसेक मिनिटे. मध्ये कित्येक वर्षे बंद पडलेला हा फाटा २००९ साली पुन्हा सुरू झाला.

*

‘व्हिस्की’ हा शब्द आयरिश ‘इश्के बाहा’ वरून आला. अर्थ जीवनाचे पाणी. यातल्या ‘इश्के’चे मूळ आणि आपल्या ‘उदका’चे मूळ एकच, आणि ‘बाहा’ हा ‘जीव’, ‘जीवित’ यांचा दूरचा चुलतभाऊ. म्हणजे संध्येच्या पळीतले पाणी आणि हे पाणी व्युत्पत्तीने एकाच घरातले. गाडीत हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ही म्हणाली, “व्युत्पत्तीनं काय, सगळेच एका घरातले.”

*

इमारती जुन्या, राखाडी दगडाच्या. आधी लोकरीची गिरणी, मग नेपोलियनच्या लढायांच्या काळात शिपायांची बराक, आणि १८२५ पासून मर्फी बंधूंची भट्टी. डंगर्नी नदी शेजारून वाहते. तिच्याच पाण्यावर चक्की फिरायची. १९७५ मध्ये मागच्या बाजूला नवा कारखाना उभा राहिला आणि जुना बघण्यापुरता उरला. जेमसनही आता इथेच होते, डब्लिनला नाही. जॉन जेमसन हा मूळचा स्कॉटलंडचा माणूस. आयर्लंडची सर्वांत गाजलेली व्हिस्की एका स्कॉटिश आडनावाने विकली जाते. इथे त्याचे कोणाला काही वाटत नाही.

*

तांब्याचे ते भांडे. आकडा पाटीवरून उतरवून घेतला: ३१,६१८ गॅलन. आपल्या हिशेबात १,४३,००० लिटरहून जास्त. एवढे मोठे पॉट स्टिल जगात दुसरे कुठे झाले नाही. लोक समोर उभे राहून फोटो काढत होते आणि माणूस चौकटीत आला की भांडे मावत नव्हते.

तीस वर्षे अकरावी-बारावीला ऊर्ध्वपातन शिकवले. गोल बुडाचा चंबू, लिबिगची संघनक नळी, बर्नर. पाणी शंभराला उकळते, अल्कोहोल अठ्ठ्याहत्तरच्या थोडे वर. मधल्या बावीस अंशांत सगळे विज्ञान आणि सगळे पाप. मुले हमखास विचारायची, “सर, म्हणजे दारू अशीच करतात का?” मी दरवर्षी म्हणायचो, “परीक्षेत विचारणार नाहीत.” आता या भांड्यापुढे उभा राहून वाटले, तेव्हा नीट उत्तर द्यायला हवे होते. तांबेच का, हे सांगायला हवे होते: ते वाफेतली गंधकाची संयुगे धरून ठेवते आणि कुजका वास पुढे जाऊ देत नाही. आणि कोळशाच्या धगीवरच्या अशा भांड्यांत आतून तांब्याच्या साखळ्या का फिरवत, तेही. उत्तर कुठलीही बाई देईल. तळाला लागू नये म्हणून.

*

आमच्या तालुक्यात डिस्टिलरी म्हटले की साखर कारखाना, आणि साखर कारखाना म्हटले की मळीचा वास. वाऱ्याची दिशा बदलली की वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. इथे नव्या कारखान्याच्या बाजूने येणारा वास भाकरीचा आहे, धान्य शिजल्याचा. भारतात व्हिस्की म्हणून जे खपते, त्यातल्या बहुतेकाचा पाया मळीचा स्पिरिट असतो आणि युरोपचा कायदा त्याला व्हिस्की म्हणू देत नाही. आयर्लंडचा कायदा आणखी कडक: धान्यच हवे, लाकडी पिंपात निदान तीन वर्षे हवीत, तीही या बेटावरच. जावई म्हणाला, “बाबा, म्हणजे तुम्ही आजवर जे घेतलंत…” आणि तिथेच थांबला. घेतलंत हा शब्द त्याच्या तोंडून गेला होता. बराच वेळ आम्ही दोघे पाणचक्कीकडे बघत राहिलो.

*

स्कॉटलंडमध्ये बहुधा दोनदा गाळतात, इथे तीनदा. गाईड मुलगी हे सांगत होती आणि मी भाषांतर करत होतो. हिला भाषांतराची गरज नव्हती. माहेर सावंतवाडीचे, काजूची बोंडे तुडवण्यापासून सगळे पाहिलेले. “पहिल्या धारेचा हुर्राक, मग फेणी. आणि हे अजून एकदा. काय तेवढं.” मग तिने मला विचारायला लावले की उरलेल्या चोथ्याचे काय करता. गुरांना घालतो, असे उत्तर आले. हिने मान हलवली. माझ्या रसायनशास्त्राला अशी मान कधी मिळाली नाही.

*

खास आयरिश म्हणतात ती ‘सिंगल पॉट स्टिल’. मोड आणलेला सातू आणि मोड न आणलेला सातू, दोन्ही एकत्र. आजच्या नियमाने प्रत्येकी निदान ३० टक्के. कारण असे सांगतात की १७८५ मध्ये सरकारने मोड आलेल्या सातूवर, म्हणजे माल्टवर, कर बसवला. भट्टीवाल्यांनी माल्ट कमी करून कच्चा सातू वाढवला. त्याने चव जरा तेलकट, जरा तिखट झाली आणि लोकांना तीच आवडली. कर गेला, चव राहिली. मात्र आपण उन्हाळ्यात गूळ घालून खातो त्या सातूच्या पिठात बहुतेक घरी गहू आणि डाळंच असते. हे मी गाईडला सांगितले नाही.

*

ईनिअस कॉफी. हे नाव आपल्याकडे कोणी ऐकलेले नसते. सरकारी अबकारी अधिकारी, चोरट्या भट्ट्या पकडणारा. डोनेगलच्या खेड्यांत पोचीन गाळणाऱ्यांनी १८१० साली त्याला मरेस्तोवर मारले होते. पोचीन म्हणजे तिकडची हातभट्टी. १६६१ पासून बेकायदा, आणि १९९७ मध्ये चक्क दुकानात विकायला मोकळी झाली. तर या कॉफीने नोकरी सोडली आणि १८३० मध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. दोन उंच स्तंभ, एका बाजूने आंबवण सोडायची, दुसरीकडून स्पिरिट अखंड काढायचे. भांडे रिकामे करा, पुन्हा भरा, ही भानगड नाही.

डब्लिनच्या बड्या भट्टीवाल्यांनी नाक मुरडले. ही व्हिस्कीच नव्हे, असे म्हणत चार घराण्यांनी मिळून १८७८ मध्ये पुस्तक छापले. स्कॉटलंडवाल्यांनी तेच यंत्र उचलले आणि मिश्रणे करून जग जिंकले. पुढे अमेरिकेतली दारूबंदी, स्वातंत्र्ययुद्ध, इंग्लंडशी व्यापाराचे भांडण हे सगळे आयरिश व्हिस्कीच्या मुळावर आले. १८८० च्या दशकात एका इंग्रज लेखकाने आयर्लंडात २८ भट्ट्या फिरून बघितल्या होत्या. १९७० च्या दशकाअखेर चालू राहिल्या दोन, उत्तरेला बुशमिल्स आणि इथे मिडलटन. आज जेमसनच्या साध्या बाटलीत काय असते? पॉट स्टिलची व्हिस्की आणि स्तंभातली व्हिस्की, मिसळून. पूर्वजांनी जिला व्हिस्की म्हणायला नकार दिला तीच. स्वतःच्या जिद्दीने धंदा बुडवणारी माणसे मला नेहमी आवडतात. आमच्या गावात अशी बरीच होती.

*

गोदामात अंधार, गारवा, पिंपांच्या रांगा. अमेरिकेत बर्बनसाठी दरवेळी नवे ओकचे पिंप वापरायचा कायदा, म्हणून त्यांची एकदा वापरलेली पिंपे इकडे येतात. काही स्पेनहून, शेरी मुरलेली. दुसऱ्याचे जुने भांडे घेऊन त्यातला वास आपल्या पदार्थाला लावायचा. लोणच्याच्या बरणीला कोणी असे करू देईल का?

दरवर्षी पिंपातले सुमारे दोन टक्के उडून जाते. त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. चक्रवाढीने हिशेब केला: बारा वर्षांत पाचवा हिस्सा देवदूतांनी नेला. गोव्यात कुंकळ्ळीला सिंगल माल्ट करतात, तिथल्या उकाड्यात हे प्रमाण वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास. आठ वर्षांत निम्मे पिंप रिकामे. आपल्याकडे नैवेद्य तरी परत मिळतो.

*

चाखण्याची खोली. लांब टेबल, प्रत्येकापुढे तीन छोटे ग्लास: आयरिश, स्कॉच, अमेरिकन. गाईड म्हणाली, घाई नको, आधी नाक. तोंड किंचित उघडे ठेवा आणि वास घ्या. मग सांगा, कशाचा येतो.

मी गप्प बसलो. वास या शब्दाशीच अडलो. आमच्या घरात, आळीत, स्टाफरूममध्ये दारूला एकच वास होता आणि तो ‘येत असे’. “काकांना वास येतोय.” “सरांच्या तोंडाला वास येत होता.” तो कशाचा, हे कधी कोणी विचारले नाही. तो लपवायला वेलदोडा, बडीशेप, मसाला पान. साठ-बासष्ट वर्षांच्या आयुष्यात दारूच्या वासाबद्दल एक विशेषण माझ्यापाशी जमा झाले नव्हते. शेजारचा जर्मन माणूस व्हॅनिला म्हणाला, त्याची बायको हिरवे सफरचंद म्हणाली. जावई म्हणाला, “स्मूद.” म्हणजे त्याचीही गत माझ्यासारखीच.

ही घेत नाही. पण तिने माझा ग्लास ओढला, पदर नाकापासून बाजूला केला आणि आमटीची फोडणी तपासावी तसा वास घेतला. “जायफळ. आणि नव्या खाटेला रंधा मारतात ना, तो भुसा.” दुसऱ्यावर, स्कॉचवर, लगेच म्हणाली, “चूल. विझवलेली, पाणी मारून.” तिकडे माल्ट वाळवताना पीटचा धूर लावतात, इथे बहुधा लावत नाहीत, हे गाईडने नंतर सांगितले. तिसऱ्याला ती जरा थांबली. “शिकरण. केळं काळं पडलेलं.” मी हे इंग्रजीत सांगितले तेव्हा गाईडने टेबलावर हात आपटला, अमेरिकन ग्लासात केळे सापडणारी माणसे रोज नसतात म्हणे.

चाळीस वर्षे मी या बाईला म्हणत आलो की तुला रसायनशास्त्र कळत नाही.

*

प्यायच्या आधी ‘स्लॉन्चे’ म्हणायचे. अर्थ आरोग्य.

मला एकदम माझा परवाना आठवला. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा; त्याखाली महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे आजही परवाना असावा लागतो, आणि तो कशासाठी मिळतो? आरोग्य राखण्यासाठी. माझा आजीवन परवाना कपाटात शिधापत्रिकेखाली आहे. कॉर्कच्या फादरांनी शपथा दिल्या, आमच्या सरकारने प्रकृतीच्या कारणास्तव कागद दिला. जावयाला हे सांगितले. तो इतका हसला की ग्लास हातात धरलेलाच राहिला, माझ्यासमोर, सरळ. मग दोघांनीही घेतली.

*

उतारा म्हणून जावयाने फोनवर वाचून दाखवलेली हकिगत: १८७५ च्या जूनमध्ये डब्लिनच्या लिबर्टीज भागात दारूच्या गोदामाला आग लागली आणि पेटती व्हिस्की रस्त्यावरून वाहू लागली. तेरा माणसे गेली. भाजून एकही नाही; गटारातून टोप्यांनी, बुटांनी भरभरून प्यायल्यामुळे.

*

पाऊस थांबला म्हणून बेलिक पार्कपर्यंत चालत गेलो. नदीकाठी गवतात स्टेनलेस स्टीलची नऊ पिसे, प्रत्येक वीसेक फूट उंच, गोलाकार उभी. लांबून रिकाम्या वाडग्यासारखी दिसतात. १८४५ पासून बटाट्याचे पीक सडले, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत धान्य बोटींतून इंग्लंडला जातच होते. १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ लोकांनी, ज्यांना स्वतःच्या जमिनीवरून हाकलून पंधरा-सोळा वर्षेच झाली होती, आपसात गोळा करून १७० डॉलर इकडे पाठवले. हे स्मारक त्याचे, २०१७ चे.

ही पिसांच्या मधोमध उभी राहिली. म्हणाली, “सातू कुठे गेला असेल तेव्हा?” भट्टी तेव्हा वीस वर्षांची जुनी झाली होती. जावई काही बोलला नाही, मीही.

*

परतीच्या गाडीत हिला शिंका. घरी आल्यावर मुलीने गरम पाणी, साखर, लिंबाच्या फोडीत टोचलेल्या लवंगा आणि दोन चमचे व्हिस्की असा पेला पुढे केला. इथे सर्दीला हेच देतात म्हणे. हिने वास घेतला, म्हणाली, “आमची आजी फेणी चोळायची छातीला. ही चोळली तर नाही का चालणार?”

*

रात्री वही उघडली तर माझ्या आकड्यांच्या खाली हिचे अक्षर. कधी लिहिले कोणास ठाऊक.

१) जायफळ, भुसा. शेवटी मध.
२) चूल.
३) शिकरण.
४) (घरचा पेला) लवंग जास्त झाली. लेकीला सांगणे.